सुमनमावशीची मागणी

सुमनमावशीच्या मुलाचा भांडणात खून झाला, तेव्हापासून ती एकच म्हणायची, "त्याला फाशी द्या." मारणारा सोळा वर्षांचा होता. अल्पवयीन मुलाला आपल्या कायद्यात फाशी नाही, असं वकिलांनी समजावलं की ती म्हणायची, "माझ्या लेकाला मारताना तो लहान नव्हता."

मावशीच्या साक्षीच्या दिवशी ती आणि मी बाल न्याय मंडळाच्या व्हरांड्यात बसलो होतो. साध्या कपड्यातल्या पोलिसाने त्याला आणलं. बारीक मान, अजून न फुटलेली मिशी, बोटांपर्यंत लोंबणाऱ्या शर्टाच्या बाह्या. मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

"मला वाटलं होतं, मोठा असेल," ती हळूच म्हणाली.

रागात माणूस समोरच्याला मनातल्या मनात वाढवत नेतो, शिक्षा पेलण्याएवढा मोठा करतो. कायद्यातला तो नियम मला तोवर कोरडा वाटायचा. त्या दिवशी वाटलं, तो लिहिणाऱ्याने असं एखादं पोर जवळून पाहिलं असावं.

परतताना रिक्षात मी विचारलं, "माफ केलंस त्याला?"

"नाही. ते माझ्याच्याने व्हायचं नाही," मावशी म्हणाली. "पण फाशी आता मागणार नाही."