सवाष्णीच्या लुगड्यावरची सूट

बुलढाण्यातली बाजाराच्या दिवशीची ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. पत्नी गेल्यापासून तर ती फारच आठवते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. मी बुलढाणा ठाण्यात फौजदार होतो. ठाण्याजवळ एका शेठचे छोटे कापड दुकान होते. त्याची बरीच गिऱ्हाइके खामगाव-मलकापूरच्या बँकांवरचे चेक देत. बँक ते वटवण्याचा आकार, म्हणजे वटणावळ, कापून घेई आणि नफ्यातला बराच भाग तिथेच जाई. शेठने आधी ती गिऱ्हाइकांकडून वेगळी मागून पाहिली. लोक चिडले. मग त्याने सगळे भाव तेवढ्याने वाढवले आणि दारावर पाटी लावली : 'रोखीने घेणारास सूट. बाजाराच्या दिवसापर्यंतच.' हिशेब तोच, पण आता कोणाला दंड वाटेना. लोक खिशातून नोटा काढू लागले.

बाजाराच्या दिवशी हाच शेठ गल्ला उघडा टाकून ठाण्यात आला.

"काय शेठ, सूट देऊन देऊन दुकान संपलं काय?" हवालदार हसून म्हणाला.

"हसू नका जी. एक माणूस मयताचं सामान घेऊन गेला. सवाष्णीचं. हिरवं लुगडं, कोरं मांजरपाट, गुलाल."

"मंग? माणसं मरत नाहीत का?"

"त्यानं सूट मागतली."

हवालदाराचे हसू थांबले. मयताच्या सामानाचा कोणी भाव करत नाही. घरधनी तर दुकानात जातही नाही. शेजारीपाजारी जातात आणि दुकानदार म्हणेल ते देऊन येतात. पुढे माझी पत्नी गेली तेव्हा मी उंबऱ्यावर बसून होतो. तिचे शेवटचे लुगडे केवढ्याला पडले, हे मला आजही माहीत नाही.

"आणखी काय बोलला?" मी विचारले.

"पाटी वाचली. म्हणे, रोख देऊन राह्यलो, मंग सूट काऊन नाही? अन् मंग इचारते, परवा घेतलं तं हेच सूट राहीन का? म्या म्हटलं, आजचाच दिवस. जरासा थांबला, अन् घेऊन टाकलं."

ज्याच्या घरात मयत पडले आहे, तो परवाचे विचारत नाही.

मी स्मशानात आणि सरकारी दवाखान्यात माणूस पाठवला. त्या दिवशी शहरात एकही बाई दगावली नव्हती. म्हणजे जिच्यासाठी लुगडे घेतले ती बाई अजून जिवंत असावी, आणि आमच्या हातात फार वेळ नव्हता.

शेठला पुन्हा नीट आठवायला लावले. त्या माणसाने धाड गावाकडे जाणाऱ्या गाडीची वेळ विचारली होती. बोचके कागदात बांधून दोरा बोटाला पीळ देऊन एका झटक्यात तोडला होता. "पुड्या बांधणाराच असा तोडते साहेब. किराणावाला असन," शेठ म्हणाला.

जीप काढून आम्ही धाडकडे निघालो. वाटेतल्या तिसऱ्या गावच्या पोलीस पाटलाने ऐकून मान हलवली. "हाव, किराणाचं एकच दुकान आहे. बायको दोन महिन्यांपासून पोट धरून पडली. लेकरूबाळ नाही. तो दुसरी करून राह्यला होता, पण पहिली असताना आता कायदा करू देत नाही ना."

पुढे दुकान, मागे घर. सूर्य अजून वर होता, पण दुकानात अंधार होता. आम्ही सहज आल्यासारखे बसलो. तो गूळ तोलत होता.

"बायको कशी आहे?" मी विचारले.

"काही खरं नाही जी. उद्याचा दिवस निघते का नाही, सांगता येत नाही." तागडीचा काटा जरासुद्धा हलला नाही.

तेवढ्यात मागचा पडदा सरकला. भिंतीला धरून एक बाई बाहेर आली. हातापायांच्या काड्या, चेहरा राखेसारखा, कपाळावर ताजे कुंकू, आणि अंगावर हिरवेगार कोरे लुगडे. घडीच्या रेषा तशाच होत्या. काठावर शेठच्या दुकानाचा शिक्का होता.

"पाहुणे आले काय? पाणी आणू जी?" मग नवऱ्याकडे पाहून ती लाजून म्हणाली, "पेटीत घावलं मले. सांगतलं बी नाही तुमी. इतक्या वर्षांत पह्यल्यांदा आणलं, म्हटलं नेसून तं पाहू."

तो मागे सरकत फळ्यांना जाऊन टेकला. "काढ ते! काढ! आत्ताच कायले नेसली तू?"

"आत्ताच म्हंजे काय बे?" पाटील हळूच म्हणाला.

बाईला लगेच जीपमधून दवाखान्यात पाठवले. झडतीत दुकानात उंदरांसाठी ठेवलेला विषारी सोमल मिळाला. त्याचाच एक पुडा चुलीजवळ सापडला. चावडीवर तो बराच वेळ म्हणत राहिला, "आजारी होती, म्हणून आधीच तयारी केली." मी एवढेच विचारले, "तयारी समजली. परवाचा दिवस कोणी ठरवला?" त्याने पाणी मागितले. पाणी पिऊन तो बोलू लागला. बायकोबद्दल एक शब्द नाही. "सूट नसती तं परवाच घेतलं असतं," एवढीच हळहळ त्याने दोनदा केली.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून जबाब मॅजिस्ट्रेटपुढे झाला. बाईची नखे आणि केस तपासणीला गेले, त्यात विष निघाले. ती वाचली. त्याला शिक्षा झाली.

लुगडे मुद्देमालात होते. निकालानंतर ते न्यायला ती एकटीच आली.

"कायले नेता बाई? जाळून टाका," हवालदार म्हणाला.

"पैसा त्याईचा, पण घेतलं तं माह्यासाठीच ना?" तिने अंगठा उठवला आणि बोचके काखेत घेतले.

या खटल्याने मला एक गोष्ट शिकवली. गुन्हेगार रडायचे शिकून घेतो, खोटे बोलायचे तर शिकतोच. पण दुःखात माणसाचा हात सुट्या पैशांकडे जात नाही, हे त्याला कोणी शिकवू शकत नाही. त्यानंतर मी जबाब घेताना चेहऱ्यापेक्षा हातांकडे जास्त पाहू लागलो.

पुढच्या वर्षी गस्तीवर त्या गावात गेलो. दुकान चालू होते. तागडीमागे ती बसली होती, तेच लुगडे नेसून. मला पाहून तिने पदर सारखा केला.

"ओळखलं काय जी? कितीदा धुतलं, पण रंग जरासा बी गेला नाही."