नळीवरची चांदी

बंदूक दोनशे वर्षांची असली तरी हातात घेताना काका आधी तिला विचारत, "काय गं, भरलेली आहेस का?" मग एक बारीक लाकडी दांडी नळीत तळापर्यंत सरकवत, तोंडाशी पेन्सिलीने खूण करत आणि दांडी बाहेर काढून नळीशेजारी धरत. माप जुळलं की म्हणत, "रिकामी आहे बिचारी." एकदा जुळलं नाही. कुणाच्या तरी पणजोबाने ठासलेली दारू आणि गोळी तशीच आत बसून होती. मी पोळी तव्यावर टाकून पार दाराबाहेर पळाले. काका तिथूनच ओरडले, "अगं, पोळी जळतेय! ही शंभर वर्षं थांबलीये, अजून पाच मिनिटं थांबेल."

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या मराठी लोकांत ते 'बंदूकवाले काका' म्हणून ओळखले जायचे. कोल्हापूरकडचे, मेकॅनिकल इंजिनिअर, रिटायर झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नेहा सनीव्हेलला. इथे एखादा म्हातारा गेला की त्याच्या घरातल्या सामानाचा सेल लागतो. काका अशा सेलमधून जुन्या बंदुका विकत घेत, त्यांचा अभ्यास करत आणि जमवणाऱ्या लोकांना पोस्टाने विकत. गणपतीत कोणी ना कोणी विचारायचंच, "काय काका, पुढच्या वर्षी तोफ का?" काकांचं उत्तर ठरलेलं, "घेतली असती रे, पण पार्किंग मिळत नाही."

मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. नववीत शाळा सोडलेली मी, नवरा इथल्या ग्रोसरीच्या दुकानात, आणि आमचे इथे राहायचे कागद वर्षानुवर्षं 'प्रोसेसमध्ये'. दारावर कोणी जोरात टकटक केलं तरी मी आधी दिवा बंद करायचे. पहिल्या दिवशी भिंतीवरच्या बंदुका बघून मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हटलं, "काका, पोलीस आले तर? आमचे कागद अजून..." काका म्हणाले, "सुनंदा, बस आधी. या तुझ्या आजीच्या आजीच्या वयाच्या बायका आहेत. यांना कोण पकडतंय?" आणि चहा स्वतः करून त्यांनी मला समजावलं, की या देशाच्या कायद्यात अठराशे अठ्ठ्याण्णव साल संपेपर्यंत बनलेली बंदूक ती अँटिक. दुसऱ्या दिवशी, नव्याण्णवच्या एक जानेवारीला बनलेली, ती बंदूक. वर प्रत्येक राज्याची आपापली कटकट वेगळी. "म्हणजे एका रात्रीचा फरक?" मी विचारलं. "सगळे कायदे असेच असतात," काका म्हणाले. "कुठेतरी एक रात्र पकडायची आणि रेघ मारायची."

ती रेघ त्यांनी स्वतःसाठीही कधी वाकवली नाही. एक विधवा बाई नवऱ्याची रायफल विकायला घेऊन आल्या होत्या. काकांनी भिंगातून नंबर वाचला, जाड पुस्तकात शोधला. बंदूक निघाली एकोणीसशे दोनची. बाई रडायला लागल्या, "फक्त चार वर्षं! कोणाला कळणार आहे?" काकांनी त्यांना पाणी दिलं, लायसन्सवाल्या दुकानाचा पत्ता दिला आणि स्वतः गाडी काढून तिथपर्यंत सोडून आले. परत आल्यावर म्हणाले, "मला कळलंय ना. मग झालं."

पार्सल पाठवायचं म्हणजे तर अर्ध्या दिवसाचं काम. खासगी कुरिअरवाले अँटिक असो नसो, लायसन्स नसेल तर हात लावत नाहीत. उरलं पोस्ट. तिथे नळी रिकामी असल्याचं आणि बनवल्याच्या सालाचं लिहून द्यायचं, घेणाऱ्याची सही मागायची, आणि आत काय आहे हे कळेल असा एक शब्द खोक्यावर येऊ द्यायचा नाही. आधी मी नुसती टेप लावायला मदत करायचे. मग त्यांनी मला नळीची जाडी मोजायचा कॅलिपर धरायला शिकवलं, मग इंग्रजीत वर्णन लिहायला. मी पहिल्यांदा 'व्हेरी ओल्ड, व्हेरी नाइस' असं लिहिलं. त्यांनी दोन्ही खोडलं. "ओल्ड म्हणजे किती? नाइस कोणाला? जे दिसतं तेच लिहायचं, सुनंदा. वाटतं ते नाही." नववी नापास बाईचं इंग्रजी ओहायोतला माणूस वाचतोय आणि त्यावर विश्वास ठेवून बंदूक घेतोय, हे मला घरी सांगायला लाज वाटायची, इतका आनंद व्हायचा. आमचे फॉर्मही तेच तपासून द्यायचे. एकही शब्द चुकू द्यायचे नाहीत.

पेन्सिल्व्हेनियातल्या एका कोठारात त्यांना ती तोड्याची बंदूक सापडली. तोड्याची म्हणजे पेटती वात लावून उडवायची, आपल्याकडची. गंजाने काळी पडलेली, पण नळीच्या मुळाशी चांदीच्या तारेने ठोकून बसवलेल्या दोन ओळी होत्या. देवनागरीत. बनवणाऱ्याचं नाव आणि शक. काका त्या संध्याकाळी जेवलेच नाहीत. भिंग घेऊन बसून राहिले. "ही विकायची नाही," म्हणाले. "ही घरी जाणार."

घर म्हणजे त्यांची गावची शाळा. तिथे एका खोलीत छोटं वस्तुसंग्रहालय होतं. हेडमास्तरांनी तर आनंदाने काचेचं कपाट करून त्याचा फोटोही पाठवला. इथून बंदूक निघायला फार अडचण नव्हती, अडचण होती तिकडे उतरायला. परवानगीसाठी तीन वर्षं अर्ज चालले. माप, वजन, फोटो, नळीवरचा मजकूर अक्षर न् अक्षर. एक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवायचं. नेहा फोनवर म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट अ गन. लेट इट गो." काका म्हणायचे, "हो हो," आणि पुढचं पत्र माझ्याकडून टाइप करून घ्यायचे.

खंडेनवमीच्या चार दिवस आधी ते हृदयाच्या त्रासाने हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाले, आणि नेमकी त्याच आठवड्यात परवानगी आली. मी फोनवर वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, "खंडेनवमीला तिची पूजा करू आणि पाठवून देऊ. मी येतोच."

शस्त्राची पूजा म्हणजे आमच्याकडे आधी ते घासूनपुसून लख्ख करायचं. विळी, कोयता, सगळं. काकांनी माझ्यासाठी एवढं केलं, मी त्यांच्यासाठी एवढं तरी करावं, असं मनात आलं. पितळी कड्यांना चिंच लावली. नळीला राख आणि तारेची घासणी. दोन तास घासली. सिंकमधून काळं पाणी वाहत होतं आणि खालून लोखंड उजळत होतं, ते बघून मला फार बरं वाटत होतं. घासणीत केसासारखं काहीतरी चमकलं. मला वाटलं घासणीचीच तार आहे.

काका घरी आले तेव्हा बंदूक पाटावर होती, झेंडूचा हार घातलेली. ते खाली वाकले आणि अंगठा नळीच्या मुळाशी नेऊन थांबले. अंगठा तिथेच पुढेमागे फिरत राहिला. मग म्हणाले, "चकचकीत केलीस गं." हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, मला प्रसाद दिला. अक्षरंच गेली, हे मला जेव्हा कळलं तेव्हा त्यांच्या हातात परवानगीचं पत्र होतं आणि त्यातल्या, नळीवरच्या मजकुराच्या ओळीवर बोट होतं.

मी पाया पडले. रडत म्हटलं, "काका, पाठवून द्या ना तशीच. फोटो आहेत. तिकडे कोण बघतंय?"

"फोटोतली बंदूक वेगळी. ही वेगळी," काका म्हणाले. "कागद एकीचा आणि खोक्यात दुसरी, असं नाही करायचं."

त्यांनी मला पत्र टाइप करायला बसवलं. मजकूर साफसफाईत नष्ट झाला आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे म्हणाले, "लिही, बाय मी. म्हणजे माझ्या हातून." मी हात की-बोर्डवरून काढून घेतला. "अहो, पण ती तर मी..." "लिही," ते म्हणाले. "तुझं नाव कुठल्याच सरकारी कागदावर नको. आधीच आहेत तेवढे पुरेत." इतक्या वर्षांत, न घडलेलं त्यांनी लिहायला लावलं ते एवढं एकच. मी लिहिलं. त्याची लाज अजून जात नाही.

उत्तर आलं : वस्तूची ओळख पटत नसल्याने नव्याने अर्ज करावा. काकांनी केला. पण पहिल्या पानावरच बनवल्याच्या सालाचा पुरावा मागितला होता आणि तो मी सिंकमध्ये वाहून टाकला होता. थंडीत काका पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेले, ते तिथूनच गेले.

नेहाने सगळा संग्रह एका व्यापाऱ्याला दिला. मी त्याला प्रत्येक बंदुकीचं वर्णन वाचून दाखवत होते. तोड्याची बंदूक त्याने उचलली, नळी बघितली आणि 'डेकोरेशन' असं म्हणून वेगळ्या ढिगात टाकली. मी म्हणाले, "इथे अक्षरं होती." तो चांगला माणूस होता. हसून म्हणाला, "मे बी." नेहाने मला विचारलं, "मावशी, तुला हवी का ती?" मी नाही म्हटलं. अपार्टमेंटमध्ये बंदूक, आणि आमचे कागद असे. मी भ्याले. ती आता कुठल्या हॉटेलच्या भिंतीवर आहे, माहीत नाही.

उन्हाळ्यात हेडमास्तरांचं पत्र आलं, काकांच्याच ईमेलवर. तो अजून मी उघडून बघायचे. कपाट तयार आहे, वस्तू कधी निघेल, असं विचारलं होतं. तीन दिवस घेतले मी. मग मराठीत लिहिलं, की बंदूक येणार नाही. खंडेनवमीला ती मी घासली, अक्षरं माझ्या हातून गेली, काकांच्या नाही. खाली माझं पूर्ण नाव टाकलं.

आठवड्याने उत्तर आलं. कपाट रिकामं बरं दिसत नाही म्हणून त्यात आता शाळेच्या कबड्डीच्या ढाली ठेवल्या आहेत. काकांना आमचा नमस्कार सांगा, प्रकृतीला जपायला सांगा.

मी पाठवलेलं पत्र पुन्हा उघडून वाचलं. त्यात सगळं होतं. काका गेले, एवढंच माझ्याकडून लिहिलं गेलं नव्हतं.