पवनेत सोडलेला नारळ

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या चोरीत काय मुद्देमाल सापडला, असं विचाराल तर मी डोकं खाजवत बसेन. पण पिंपरीच्या आऊटपोस्टवर असतानाचं एक प्रकरण काल घडल्यासारखं समोर उभं राहतं. कारण सरळ आहे. चोर, दरोडेखोर, खुनी मी पुष्कळ पकडून आणले. मेलेला माणूस जिवंत पकडून आणला, तो मात्र हा एकच. नावं कुणाचीच लिहिणार नाही. त्यांची मुलंबाळं आज कुठंतरी सुखानं नांदत असतील, त्यांच्या दारात जुनं दुःख नेऊन टाकायचं मला काही कारण नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार होतो. पिंपरी तेव्हा खेडंच. रेल्वे स्टेशन, निर्वासितांची वसाहत आणि माळावर उभा राहत असलेला एक कारखाना. त्या बांधकामावर नगर, सोलापूर, मराठवाडा, कोकण, कुठून कुठून माणसं येत. आऊटपोस्ट म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक टेबल, एक माठ आणि आमचे जमादार. जमादार चिंचवडच्या जुन्या शेतकरी घरातले. गुन्हेगारापेक्षा त्यांना म्हशीची काळजी जास्त, पण माणूस सोन्यासारखा.

आषाढातल्या एका सकाळी एक बाई भिजत आली आणि खुर्ची दाखवली तरी खालीच बसली. काष्टा मारलेलं लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा, कपाळ मोकळं. सोबत तिच्या गावचा एक मजूर होता, तो दाराशीच घुटमळला.

"सायेब, माजा थोरला पोर तुज्या पिंपरीला हाय. शोधून दे मना."

"हरवलाय का?"

"मेलाय," ती म्हणाली. "म्हंजी सगली बोलतात मेलाय. मना ठावं हाय, तो मेला नाय."

जमादारांनी माझ्याकडं पाहून भुवया उडवल्या. मी तिला चहा मागवला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

ती अलिबागकडच्या एका कोळीवाड्यातली. दोन मुलगे, एक होडी. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या सुमारास दोघे भाऊ शेवटच्या मासेमारीला गेले आणि धाकटा एकटाच परत आला. थोरल्याला दर्यानं नेलं, एवढंच बोलला. पुढं काही दिवस त्यानं अन्न घेतलं नाही, आणि एके दिवशी आपणहून ठाण्यावर गेला. होडीत भांडण झालं, मी भावाला ढकलला, तो वर आलाच नाही, मीच त्याचा जीव घेतला, असं त्यानं सांगितलं. पुढं मॅजिस्ट्रेटपुढंही तेच. त्यांच्या बापानं एका मुलाला दर्यात आणि दुसऱ्याला कोठडीत पाहून अंथरूण धरलं, ते पुन्हा उठला नाही. बाईचं कपाळ मोकळं का, ते मला तेव्हा कळलं.

"आता धाकट्याला फाशी देतील," ती म्हणाली. "थोरला गावला तर धाकटा सुटंल. म्हनून आली."

दाराशी उभ्या मजुराला मी आत घेतलं. "तू पाहिलास थोरल्याला?"

"पाठमोरा दिसला साहेब. कारखान्याच्या गेटाशी. गर्दीत होता. चाल तशी वाटली, पण..."

एवढीच खबर. पाठमोरा माणूस आणि एका आईचा हट्ट.

मी बिनतारीनं तिकडच्या ठाण्याला विचारलं. उत्तर आलं, कबुलीजबाब झाला आहे, दोषारोपपत्र तयार होत आहे. पुण्याचे आमचे वरिष्ठ टेलिफोनवर खेकसले, "अहो फौजदार, त्यांचा गुन्हा उघड झालाय, आरोपी आत आहे. तुम्ही मधे कशाला तंगडी घालताय? नापत्ता लिहा आणि पाठवा." मी "जी सर" म्हटलं आणि लिहिलं मात्र काही नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच. मला कुणी कामाला लावलं तर मी करतो, पण कुणी काम सोडायला लावलं तर माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी बाईला घेऊन आम्ही कारखान्याच्या गेटावर उभे राहिलो. फुकट गेलं. खाकी दिसली की निम्मी माणसं मागच्या बाजूनं पसार होतात. गुन्हा केलाय म्हणून नव्हे, कुणी बायकोला सांगून आलेला नसतो, कुणी गावात हाणामारी करून आलेला असतो. मुकादमाला मी आऊटपोस्टवर आणून बसवला. चांगला गुटगुटीत, कानाला बिडी लावलेला.

"तुझ्याकडं कोकणी किती?"

"आता नाव नि गाव खरं कोन सांगतंय राव, म्हंजी, साहेब? पाटी उचलतो का, एवढंच मी बगतो."

"समुद्राकडचा एकही नाही?"

"एक हाय. म्हनतो सातारकडचा, पन भाकरीसंगं सुकट नसली की त्याचं तोंड वाकडं. कुनाशी बोलत न्हाई. तुमी गेटावर आला त्या दिसापासनं कामाला न्हाई."

जमादार म्हणाले, "गेला सायेब पळून. आता कुठनं घावतोय."

मीही जवळजवळ तेच धरून चाललो होतो. श्रावण उजाडला. बाई आमच्या जमादारांच्या घरी राहत होती. त्यांच्या मंडळींना भाकरी थापू लागायची, आणि रोज आऊटपोस्टच्या पायरीवर येऊन बसायची. एकदा जमादारांनी सहज विचारलं, "पुनव आली, मावशी. तुमच्याकडं मोठा सण असंल."

"मोठा म्हंजी?" ती म्हणाली. "दर्याला नारल दिल्याबिगर आमचा बाप्या जेवायचा नाय. माजा थोरला तर तापानं फनफनला होता तरी छातीभर पान्यात गेला होता."

मी टेबलावर हात आपटला. माठावरचा गडू खाली पडला. जमादार दचकून म्हणाले, "काय झालं सायेब?"

"जमादार, इथं दर्या नाही. मग तो नारळ कुठं देईल?"

जमादार हळूच म्हणाले, "पवनेला. व्हय की!"

माणूस नाव बदलतो, मिशी काढतो, गाव खोटं सांगतो. पण लहानपणापासून सणाच्या दिवशी जे केलं, ते त्याच्यानं सुटत नाही. हे कुठल्याही पोलीस मॅन्युअलमध्ये नाही. हे माझ्या डोक्यात आलं, आणि खरं सांगतो, त्याचा मला अजून अभिमान आहे.

पुनवेला दुपारपासून आम्ही नदीच्या घाटावर होतो, साध्या कपड्यांत. मी धोतर नेसून देवळाच्या ओट्यावर. जमादार आपल्या म्हशीला धूत होते, त्यांना वेषांतर करायची गरजच पडली नाही. बाई देवळाआड. तिच्याकडून मी शपथ घेतली होती, हाक मारायची नाही.

पवना गढूळ होऊन फुगली होती. आमच्या देशावरची माणसं आली, पायरीवर नारळ फोडला, अर्धी कवड घरी नेली. पाण्यात घोट्यापर्यंतसुद्धा कुणी उतरेना. उतरणार कोण, पूर होता.

ऊन कलताना एक दाढी वाढलेला माणूस आला. हातात कुंकू लावलेला नारळ. आजूबाजूला पाहिलं, आणि सरळ पाण्यात शिरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. त्या ओढीत तो असा उभा राहिला की जसा काही अंगणात उभा आहे. नारळ फोडला नाही, फेकला नाही. दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला, हळूच सोडला आणि वाहून दिसेनासा होईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

मी देवळाकडं पाहिलं. बाई शपथ पाळून गप्प होती, पण चालत पाण्याकडं निघाली होती.

तो वळून पायरीवर आला आणि आई समोर. पळायला दोन्ही बाजू मोकळ्या होत्या, जमादार तर म्हशीच्या पलीकडं अडकले होते. पण तो हलला नाही. त्याची नजर तिच्या कपाळावर होती.

"आये... बाबा?"

"तुज्या मागं गेला," ती म्हणाली.

छातीभर पुरात ताठ उभा राहिलेला तो माणूस पायरीवर मटकन खाली बसला. मी पोलिसातला माणूस, पण त्या वेळी मलाही दुसरीकडं बघावं लागलं.

आऊटपोस्टवर त्याचा जबाब मीच लिहून घेतला. दमदाटीची गरज पडली नाही. तो होडी विकून कंपनीत जाऊ म्हणत होता, धाकटा बापाची होडी सोडायला तयार नव्हता. शब्दानं शब्द वाढला.

"वल्हं पयलं मी उचललं, सायेब. त्याच्या डोक्यात घालनार होतो. त्यानं ढकलला म्हनून मी पडलो. जाल्याचा खांब हाताला लागला, म्हनून वाचलो. दर्यासमोर भावावर हात उचलला. कंच्या तोंडानं घरी जानार?"

"धाकटा कुठं आहे, ठाऊक आहे तुला?"

"घरी. होडी त्यालाच पायजे होती."

"कोठडीत आहे. तुझा खून केला म्हणून स्वतः कबूल झालाय. कदाचित फाशी जाईल."

तो उठून उभाच राहिला. "चला," म्हणाला. "आताच चला." वल्हं आपण उचललं हे लिहिलं तर तुझ्यावरही गुन्हा दाखल होईल, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "लिवा. समदं लिवा."

मी स्वतः त्याला आणि बाईला घेऊन तिकडं गेलो. कोर्टाच्या आवारात धाकट्याला बेड्यांत आणलं तेव्हा थोरला माझ्या शेजारी उभा होता. धाकट्यानं आधी पाहिलं, मग डोळे चोळले. मग बेड्यांसकट धावत आला आणि दोन्ही हात उचलून भावाच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की पट्टेवाला ओरडला. आणि मग त्याच हातांत भावाचं डोकं धरून ढसाढसा रडला. आवारात खाकीतली बरीच माणसं होती, पण ती मारहाण कुणीच नोंदवली नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी धाकट्याला सोडून दिलं, थोरल्याला समज देऊन पाठवलं. आमच्या वरिष्ठांनी मला टेलिफोन केला, "फौजदार, तंगडी बरोबर ठिकाणी घातलीत."

कबुलीजबाब म्हणजे सत्य नव्हे, माणसाला जे खरं वाटतं ते असतं, हे त्या प्रकरणानं मला शिकवलं. पुढं नोकरीभर मी कबुली मिळाल्यावरच तपासाला खरी सुरुवात करत आलो. माझ्या हाताखालची पोरं वैतागायची, वैतागू देत.

पण खरा धडा एस.टी.च्या थांब्यावर मिळाला. तिघं गावी निघताना मी जरा ऐटीत बाईला विचारलं, "मावशी, सगळं गाव तो मेला म्हणत होतं. तुला कसं ठाऊक होतं, तो जिवंत आहे?"

तिच्या मागं दोघे भाऊ सामान टपावर चढवत होते.

"ठावं कुठं होतं, सायेब?" ती म्हणाली. "मना पन वाटत होता, दर्यानंच नेला. पन धाकटा तरी जित्ता होता ना? मी तसं बोलली नसती, तर तू शोधला असतास?"