सोनालीला घरी आणायला दोन दिवस लागले

सुरतेत गोडादऱ्यात आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एकच विषय चालतो, कोण कधी गावी जाणार. खानदेशातली माणसं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जातातच. पोरंबाळं, पाण्याचे कॅन, गावच्या म्हातारीसाठी साडी, असं सगळं बसमध्ये कोंबून निघतात. आम्ही परभणीकडचे. आम्हाला गाडी बदलावी लागते, म्हणून आम्ही लग्नकार्यालाच जातो. माझ्या लेकाला आजोळ फोनवरच जास्त माहीत आहे.

शेजारचे धुडकूभाऊ लूमवर कामाला. त्यांची बायको शोभाबाई आणि मी दुपारी बसून साड्यांवर टिकल्या लावतो. त्यांचं गाव अमळनेरजवळ. शोभाबाईंना दोन मुलं आहेत हे मला ओळख झाल्यावर कितीतरी दिवसांनी कळलं. मी फक्त कुंदनलाच बघत होते. थोरली सोनाली गावी आजीजवळ असायची.

तिला गाडी लागायची. बस हलली की पोर ओकायला सुरुवात. आजूबाजूचे लोक नाकाला पदर लावायचे, क्लीनर बडबडायचा. ती तीन वर्षांची असताना एकदा उलट्या थांबेचनात. नवापूरला बसमधून उतरून तिला दवाखान्यात न्यावं लागलं, सलाइन लावलं. त्यानंतर आजीच म्हणाली, राहू द्या इथंच, जरा मोठी होऊ दे. तेव्हा कुंदन पोटात होता. पोर थोडी मोठी झाली, मग शाळेत गेली, मग पुढच्या वर्गात गेली. आणायचं राहूनच गेलं. घरात आत्या जे म्हणायच्या तेच ती म्हणायला शिकली. बापाला भाऊ आणि आईला वहिनी.

दोन-तीन वर्षांपूर्वी आखाजी करून हे तिघं परत निघाले. सोनालीने त्यांचा कॅन भरून दिला, कुंदनच्या पिशवीत लिंबं टाकली, आजीच्या शेजारी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "परत या हं, वहिनी."

पाहुण्यांना म्हणतात तसं. शोभाबाई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या हातातली टिकली बोटालाच चिकटून राहिली. गावाहून घरी आल्यावर धुडकूभाऊ एवढंच म्हणाले, की शाळा सुरू व्हायच्या आत पोरीला आणतो.

शेठ सुट्टीवरून कुरकुरला, तरी ते गेले. आजीने आधी विरोध केला, मग पोरीचे कपडे स्वतःच घड्या घालून दिले. सोनाली मात्र पाण्याच्या माठाजवळ उभी राहून विचारत होती, "उलटी व्हयनी तरी माले लई जाशी का?" उलटी झाली तरी नेशील का, म्हणून. धुडकूभाऊंनी तिला सांगितलं, की आपण बसने जायचंच नाही. पॅसेंजरने जायचं. जिथं मळमळेल तिथं उतरायचं, बरं वाटलं की मागून येणारी गाडी धरायची.

आणि त्यांनी तसंच केलं. पहिल्यांदा दोंडाईच्याला उतरले. फलाटावर झाडाखाली बसले, पोरीने तोंड धुतलं, थोडे मुरमुरे खाल्ले. पुढे नंदुरबारला पुन्हा उतरले. तिथं धुडकूभाऊंचा मावसभाऊ गोपाल राहतो. इतकी वर्षं त्याच्या गावावरून जायचे, पण घर कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या बायकोने भाकरी आणि शेवेची भाजी केली, मुक्काम करायला लावला.

दुसऱ्या दिवशी नवापूर आलं. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. उतरल्या उतरल्या सोनाली ओकली. धुडकूभाऊंनी तिची पाठ चोळली, बाकावर बसवलं, आणि बोलता बोलता सांगितलं, की तू लहान होतीस तेव्हा याच गावात तुला सलाइन लावलं होतं. आम्ही फार भ्यालो होतो. म्हणून तुला आजीजवळ ठेवलं.

पोरीने तोंड पुसलं. मग म्हणाली, "माले वाटे, कुंदन व्हयना म्हणीसन."

कुंदन झाला म्हणून आपल्याला ठेवून दिलं, असं ती इतकी वर्षं धरून बसली होती. कुणी तिला विचारलं नाही, तिनेही कुणाला विचारलं नाही. वर्षातून एकदा भेटायचं, त्यात हे कोण बोलणार?  धुडकूभाऊंनी तिच्या चपलेवर पडलेलं पाण्याने धुतलं आणि ती चप्पल हातात धरून बसले. सुरतेकडे जाणारी एक गाडी त्यांनी तशीच जाऊ दिली. शेवटी म्हणाले, "नाही बेटा. कुंदनमुळे नाही." तिने मान हलवली. पटलं की नाही, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

सुरतेजवळच्या उधना स्टेशनवर शोभाबाई आणि कुंदन घ्यायला गेले होते. रिक्षात पुन्हा त्रास नको म्हणून चौघं चालतच गोडादऱ्याला आले. सोनाली आता इथल्या मराठी शाळेत जाते. सुरुवातीला तिची अहिराणी ऐकून पोरी हसायच्या आणि त्यांची गुजराती तिला कळायची नाही. घरातही सगळं गोड झालं असं नाही. पहिले काही महिने ती आजीसाठी रडायची आणि कुंदनशी भांडायची. शोभाबाई ताट वाढायला लागल्या की ही परक्यासारखी "पुरे, पुरे" म्हणायची. ते हळूहळू गेलं. भाऊ आणि वहिनी मात्र तसंच राहिलं. कुंदन चिडवतो, तरी ती बदलत नाही. शोभाबाई म्हणतात, राहू दे, हाक मारते ना.

ही माणसं आता गावी जातात ती अशीच, उतरत उतरत. गल्लीतले लोक हसतात. सकाळी बसमध्ये बसलं की संध्याकाळच्या आत गाव, त्याला ही दोन दिवस लावतात. कुंदनही आधी वैतागला होता. पण खांडबाऱ्याला चहा बरा मिळतो आणि गोपालकाकाची म्हैस व्यायली, असल्या बातम्या आता तोच आणतो. मला कधी कधी वाटतं, आपण लेकरांना घेऊन एवढे लांब जातो, पण ते नुसतं पोचण्यासाठी. वाटेत कुणाशी बोलणं होत नाही.

यंदा आखाजीच्या आधी सोनालीने विचारलं, आपण अमळनेरला उतरल्यावर ही गाडी पुढे कुठे जाते? धुडकूभाऊ म्हणाले, भुसावळला. त्यांनीही भुसावळ पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चौघांची तिकिटं भुसावळपर्यंतची काढली. तिथं त्यांचं कुणीही नाही.