शर्ट सोड

आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर संध्याकाळी शाळेतल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात. फिरायला निघाले की मी कुंपणापाशी हमखास थांबते. काल त्यांच्या बाई एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीला चेंडू टाकायला शिकवत होत्या. हात वर नेऊन मागून पूर्ण गोल फिरवायचा आणि कमरेजवळ आला की चेंडू सोडायचा. तिचा चेंडू मात्र दर वेळी अर्ध्यावरच जमिनीवर आपटत होता.

"खांदा पडतोय तुझा," बाई म्हणाल्या. "तो दुसरा हात काय करतोय बघ."

दुसरा, ग्लोव्हचा हात पोटावर टी-शर्ट दाबून बसला होता. चेंडूचा हात वर गेला की शर्ट सरकून बोटभर पोट दिसायचं, म्हणून.

मला माझा राग आला. बसमध्ये वरची दांडी धरताना, फळीवरचा डबा काढताना मीही जन्मभर एका हाताने कुडता खाली ओढत आले. वर ऐकूनही घेतलं, की बायकांच्या हातात जोर नसतो. जोर होता हो. तो कुडता धरण्यात जात होता.

"शर्ट सोड," बाई म्हणाल्या. "दिसू दे पोट. सगळ्यांनाच असतं."

मुली खिदळल्या. तिने शर्ट सोडला. हात गरकन फिरला आणि समोरच्या मुलीच्या ग्लोव्हात चेंडू असा वाजला, की कट्ट्यावरचे पुरुष गप्पा थांबवून वळले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग शर्ट खाली न ओढताच चेंडू परत मागितला.