छत्रीलाही नवं बांधलं

नव्याच्या पुनवेला आमच्याकडे, म्हणजे कडावच्या बाजूला, घराला नवं बांधतात. आंब्याच्या पानात भाताची एखादी लोंबी, नाचणीचं कणीस, झेंडूचं फूल ठेवायचं, सुंभाने गुंडाळायचं आणि दाराला, नांगराला, विहिरीच्या रहाटाला, उखळाला बांधायचं. वर्षभर राबलात, तुमचंही नवं झालं, एवढाच त्याचा अर्थ. मग नव्या तांदळाचा नैवेद्य, आणि त्यानंतर घराने नवं खायचं. काम सोपं आहे. ते बिघडवायला विशेष बुद्धी लागते, आणि त्या वर्षी ती मला नुकतीच फुटली होती.

लढाईचे दिवस होते. मी कर्जतला एका वखारीत कारकुनी करत होतो आणि एका मास्तरांच्या ओटीवरच्या खोलीत राहत होतो. मास्तर भले गृहस्थ. जेवताना बोलत नसत, पाण्याचा तांब्या खाली ठेवताना आवाज होऊ देत नसत. एकदा म्हणाले, "ज्या वस्तूने आपलं काम केलं तिच्याकडे निदान क्षणभर बघावं. आपण बघतच नाही, नुसते वापरतो." ते सांगून विसरूनही गेले असतील. मी मात्र पेटलो. भादव्यात वहाणांपासून सुरुवात केली. रोज सकाळी त्यांच्याकडे एकाग्र चित्ताने बघून हात जोडायचो. एके दिवशी हात जोडून झाल्यावर त्या न घालताच वखारीत पोचलो. मालकांनी माझ्या अनवाणी पायांकडे बघून हळू आवाजात विचारलं, "घरी कोण गेलं?"

असा मी पुनवेला घरी आलो.

घरी आई हिवतापातून उठत होती. ताप गेला होता, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला होता. घरचा जुना तांदूळ श्रावणातच संपलेला. रेशनच्या तांदळाच्या पेजेचा वास आला की ती भिंतीकडे तोंड करायची. "नवं झालं की खाईन," एवढंच म्हणायची. वैद्यबुवांनी माझ्या बाला, म्हणजे वडिलांना, बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोटात अन्न गेलं नाही तर माझं औषध काही करणार नाही. म्हणून बाने बांधाजवळच्या तुकड्यातलं लवकर पिकणारं हळवं भात कापलं, इवलीशी पेंडी बांधली आणि चुलीवरच्या माळ्यावर वाळत ठेवली. बाकी शेत परतीच्या पावसाने आडवं होऊन चिखलात पडलं होतं. ओलं भात कांडलं की चुरा होतो. तेव्हा आईची पेज काय ती त्या पेंडीत होती.

हे मला कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा कशाकडे तरी एकाग्र होऊन बघत असेन.

सकाळी शेतावर जाताना बा म्हणाला, "नवं तेवडं बांधून घे रं. लोंब्या पडवीत टोपलीत हायेत." बायको धुणं घेऊन नदीवर गेली. मी टोपलीत बघितलं. लोंब्या हिरवट, चिखलाने माखलेल्या. नांगराचे आभार मानायचे आणि ते असल्या लोंबीने? मन तयार होईना. वर बघितलं तर माळ्यावर पिवळीधमक पेंडी. द्यायचं तर चांगलंच द्यावं, म्हणून ती काढली.

दार झालं, नांगर झाला, रहाट झाला. उखळाला बांधलं. मग जोखडाला, कुऱ्हाडीला, सुपाला, कंदिलाला, केरसुणीला, शेळीच्या खुंट्याला. एकेकाला एक लोंबी देताना माझा हात कचरत होता, म्हणून मूठमूठ देत गेलो. आई ओटीवर घोंगडी पांघरून बसली होती.

"छत्रीला काय करतोस रं?"

"आये, चार महिने आपल्यासाठी भिजली ती."

"मंग मला बी बांध एक. मी तर छत्रीबिगर भिजली."

बायको नदीवरून आली, उखळ पुसलं, मुसळ घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. आतून आवाज आला.

"आवं, हितली पेंडी कोनी काढली?"

"मी. सगळ्यांना वाटली."

ती बाहेर आली. केरसुणीकडे बघितलं, कंदिलाकडे बघितलं. "आत्याबाईंची पेज हुती ती," ती हळूच म्हणाली. मग हळू बोलायचं सोडून म्हणाली, "आता जा, त्या कुऱ्हाडीला म्हना, दिलेलं परत कर!"

मी सोडायला लागलो. रहाटाचं नवं विहिरीत पडलं होतं. खुंट्याचं शेळीने खाल्लं होतं आणि तोंड पोचत होतं म्हणून जोखडाचंही. केरसुणीजवळ कोंबडी उभी होती, तिने काय उरवलं ते सांगण्यासारखं नाही. तेवढ्यात बा आला. त्याने छत्रीला बांधलेली मूठ सोडली, हातावर तोलली आणि म्हणाला, "उंदरांनी बी इतकं नसतं पळवलं."

जे उरलं ते सुपात चोळलं, कांडलं, पाखडलं. बाने देवासमोर चार दाणे ठेवले आणि बाकीच्या दाण्यांची पेज झाली. एक वाटी. लालसर, वर मिठाचा खडा.

आईने वाटी तोंडाला लावली. मी भादव्यापासून एकाग्रतेचा अभ्यास करत होतो, पण त्या दुपारी आईच्या घशाकडे जसा बघत होतो तसं कुठल्याच वस्तूकडे बघितलं नव्हतं. बासुद्धा बघत होता. बायको दारात मुसळ धरून उभी होती. एक घोट गेला. आईने डोळे मिटले. मला वाटलं, आता भिंतीकडे वळते. पण दुसरा घोट गेला, मग तिसरा, आणि तिने वाटीच्या तळाला चिकटलेलं बोटाने पुसून चाटलं.

"अजून हाय का गं?"

नव्हती. मी आयुष्यात कुणाला तोंड दाखवायला इतका लाजलो नसेन. बायकोच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं आणि ती हसायला लागली, कारण आईने महिन्याभरात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

बाने कोयता उचलला. "वली तर वली. भाजू, वाळवू, कायबी करू. चल." मी मागोमाग निघालो. बांधावर पोचल्यावर तो चिखलात वाकला आणि मागे न बघता म्हणाला, "नुसतं काप. त्यांच्याशी बोलत बसू नको."