मायच्या बोटातला शिंगीचा काटा

तालुक्याच्या त्या डॉक्टरने मायचा हात एकदाही हातात घेतला नाही. टेबलापलीकडून, नाक मुरडत, त्याने विचारलं, "काम काय करता?"

"धानाचा काम करतो जी," माय म्हणाली.

माय अर्जुनीच्या बाजारात मासे कापते. महिन्याआधी शिंगी माशाचा विषारी काटा तिच्या बोटात घुसला. बाजारातल्या साऱ्या बाया करतात तेच तिने केलं: चुना-तंबाखू चोळली आणि परत विळीवर बसली. आता बोटापासून कोपरापर्यंत गाठींची रांग चढली होती. डॉक्टरच्या नाकाला धंदा कळला होता, कागदावर मात्र त्याने शेती लिहिली. आणि श्रमाच्या प्रतिष्ठेची पत्रकं सातवीपासून वाटणारी मी? मी शेजारी गप्प बसले.

बाहेर आल्यावर विचारलं, "काऊन खोटी बोललीस?"

"मासोळीवालीचा हात धरल का तो, बाई?"

धानवालीचा तरी कुठे धरला! चिखलाने होतं म्हणत मलम दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटी म्हणाला, "बोट काढावं लागेल." खुर्चीतून उठायचा कंटाळा असलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोट फार हलकं वाटतं.

मी तिला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या चामडीच्या डॉक्टरीणबाईने हात उलटसुलट केला, गाठी दाबल्या. "मौसी, मछली का काम करती हो क्या?"

माय माझ्याकडे पाहू लागली.

"हो, मासे कापते," मी म्हणाले. "शिंगीचा काटा लागला."

कातडीचा तुकडा तपासणीला गेला. जंतू पाण्यातले, मासळीतले निघाले. साध्या गोळ्यांना ते जुमानत नाहीत. दोन औषधं सोबत, कित्येक महिने. गाठी विरल्या तरी थांबायचं नाही. माय दुसऱ्याच महिन्यात थांबायला निघाली होती. मी रोज समोर बसून गोळ्या गिळायला लावल्या.

बोट वाचलं. वरचं पेर वाकत नाही. नाकाला कळलेलं तालुक्याच्या त्या डॉक्टरने कागदावर लिहिलं असतं, तर कदाचित तेही वाकलं असतं.

परवा रबरी मोजे घालून माय विळीवर बसली, तर एक गिऱ्हाईक हसलं, "का वो बाई, ऑपरेशन करून राहिली का?"

"करून राहिलो," माय म्हणाली. "घाई असन त घरी नेऊन काप. शिंगी आहे, सांभाळजो."